काळ्या बॉनेटची कड

दाजी, कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून माणसं मागं सरतात न सरतात तोच वरून झेपावला, भात उचलला आणि गेला. लोक म्हणाले, माणूस तृप्त होता, त्याचं मागं काही राहिलं नव्हतं. मी कडेला उभा होतो. मला वाटलं होतं, निदान अर्धा तास तरी तो कावळा अडून बसेल. मग कुणीतरी म्हणेल, बाबांनो, कुणाच्या मनात काय असेल ते बोलून टाका. मग मी बोललो असतो की नसतो, ते आज सांगता येत नाही. पण तुम्ही तेवढी संधीसुद्धा ठेवली नाहीत. आयुष्यभर तुमचं हेच. भांडायला कंबर कसून उभं राहावं, तर समोर माणूसच नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचे, शालनचे, तुम्ही मालक. वयानं माझ्यापेक्षा चांगले नऊ वर्षांनी लहान. पण बहिणीचा नवरा म्हणून मी तुम्हाला दाजी म्हणायचं, अहो-जाहो करायचं, लग्नकार्यात टॉवेल-टोपी देऊन तुमच्यापुढं वाकायचं. आणि दुकानात मी मिस्त्री, तुम्ही माझ्या हाताखाली. त्यामुळं आपल्या दुकानात जगात कुठं नसेल असली भाषा चालायची. 'अहो दाजी, जरा अक्कल गहाण ठिवून आलात का?' असं मी ओरडायचो, आणि गिऱ्हाईक चहाचा कप तोंडाशी धरून हसत बसायचं. तुम्हीही हसायचा. तुमचं ते हसणं मला कधी आवडलं नाही. चिडणारा माणूस परवडतो.

बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं रबिंग-पॉलिशचं दुकान. गाड्यांचा रंग उजळून द्यायचा, ओरखडे काढायचे, एवढंच काम. आपल्याकडं त्या कामाला मरण नाही. उसाचा सीझन सुरू झाला की कारखान्याच्या धुराड्यातून काळी राख उडते. वाळत घातलेल्या धोतरावर पडते तशी गाडीवरही पडते. मालक सकाळी उठतो, खांद्यावरचा टॉवेल काढतो आणि कोरडाच बॉनेटवर गोल गोल फिरवतो. राख दिसायला मऊ, पण तिच्यात बारीक कच असते. टॉवेलाखाली ती कच घासत जाते. सावलीत गाडी झकास दिसते. उन्हात नेली, की त्यात पडलेल्या सूर्याच्या भोवती केसासारख्या रेघांचं जाळं उठतं. दसऱ्याला हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढतात, दुसऱ्या दिवशी तेही कोरडंच पुसतात. पांढऱ्या गाडीवर जाळं लपतं. काळ्या गाडीवर लपत नाही.

मी ते हातानं काढायचो. जुन्या धोतराचं मऊ कापड, बोटभर कंपाउंड म्हणजे रंग घासायची पेस्ट, आणि खांद्यापासून जोर. तेव्हाच्या गाड्यांचा रंग कापडाला लागायचा. गाडी लाल असली तर कापड लाल, निळी असली तर निळं. कापड रंगलं म्हणजे वरचा मेलेला थर निघाला, काम झालं. चौथीतून उठवलेल्या माणसाची हीच शाळा होती, आणि ह्या शाळेत माझा पहिला नंबर कुणी घेतला नव्हता.

तुम्ही आलात कळसच्या माळावरून. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वडिलांनी कळप मोडून शेती धरली आणि तुम्ही शालनला घेऊन बारामतीला माझ्याकडं आलात. पहिल्या दिवशी तुम्हाला कापड धरता येत नव्हतं. ते मी शिकवलं, हे तर खरं ना? पाणी आधी वरून सोडायचं, मग खालून. बोटात अंगठी ठेवायची नाही. कापड जमिनीवर पडलं की ते कापड गेलं, पुन्हा गाडीला लावायचं नाही. हे सगळं माझं. तुम्ही ते शेवटपर्यंत पाळलंत, असं तुम्ही पुढं डाळजला टाकलेल्या दुकानात येणारी माणसं सांगतात.

मग एकदा महिनाभर पुण्याला जाऊन आलात आणि पिशवीतून ते मशीन काढलंत.

'काय हाय हे? शालनला मिक्सर आणला का काय?'

'बफिंग मशीन हाय, मिस्त्री.'

'मग इडलीचं पीठ हुईल का ह्यात?'

दुकानातले सगळे हसले. तुम्ही मशीनच्या फिरत्या चकतीला लोकरीचं पॅड लावलंत. लावायच्या आधी बोटांनी ती लोकर पिंजून बघितलीत, आणि नाक वर करून म्हणालात, 'मशीनची लोकर हाय, जीव न्हाय हिच्यात, पण चालंल.' मग गाडीच्या सगळ्या कडांना कागदी टेप चिकटवायला बसलात. मला ते बघवेना.

'गाडीला पट्ट्या कशाला बांधताय? कुठं पडली का काय?'

'कडंला वरचा थर पातळ असतोय, मिस्त्री. मशीन लागलं की तितं जळतंय. म्हणून झाकायची.'

'माझ्या हाताला डोळं हायत. त्यांला पट्टी लागत न्हाय.'

'आता रंग पयल्यासारखा न्हाय राह्यला. वरनं काचंसारखा बिनरंगाचा थर देत्यात. जाळं त्या थरात असतंय. त्यो थर केसभर घासायचा, बास. कापडाला रंग येणारच न्हाय. आला, म्हंजी थर गेला.'

हे तुम्ही मला तेव्हाच सांगितलं होतंत. मी ऐकलं नव्हतं असं नाही. शब्दन्‌शब्द ऐकला होता. पण हाताखालच्या माणसानं सांगितलेलं ऐकून घ्यायचं कसं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

आपलं खरं भांडण मशीनवरून नव्हतंच. ते भांडण एका वाक्यावरून होतं, आणि ते अजून मिटलेलं नाही. मी एका गिऱ्हाइकाला झापत होतो, की तुम्ही लोक कोरड्या फडक्यानं गाडीची माती करता आणि आमच्या बोकांडी आणून बसवता. गिऱ्हाईक गेल्यावर तुम्ही खाली मान घालून म्हणालात, 'एक बोलू का, मिस्त्री? बारामतीतल्या निम्म्या गाड्यांवरचं जाळं आपल्याच हातचं हाय. जाडं कंपाउंड आन गोल हात. एक जाळं काढतोय, दुसरं घालतोय.'

मी कंपाउंडचा डबा तुमच्या पायाशी फेकला. तुम्ही झाकण शोधून आणलंत आणि डबा फळीवर ठेवलात.

दाजी, तुमच्याकडं उत्तर होतं, पुरावाही होता, मग मला उन्हात ओढून नेऊन दाखवायचं नाही का? त्या वेळी माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, ते तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं. मी संध्याकाळी लवकर घरी जायचो. तुम्ही मागं राहायचात. मला वाटायचं, झाडलोट करतात. मी दिवसभर हातानं घासलेल्या गाड्यांवर तुम्ही स्पंजाचं पॅड फिरवून माझ्या हाताचं जाळं काढून ठेवत होतात, हे मला तुम्ही दुकान सोडल्यावर कळलं. पंधरा दिवसांत एक-एक गिऱ्हाईक परत यायला लागलं. 'मिस्त्री, औंदा उन्हात कोळिष्टकं दिसत्यात हो.' तेव्हा कळलं, माझं नाव इतकी वर्षं कोण घासूनपुसून ठेवत होतं. ह्याला मी उपकार म्हणू का फसवणूक? आजपर्यंत मी फसवणूकच म्हणत आलो. आता लिहिताना दुसरा शब्द मनात येतोय, पण तो लिहायला हात होत नाही.

आता बारा वर्षांमागच्या त्या दिवसाचं.

नानासाहेब म्हणजे मोठे बागायतदार, त्यांच्या शब्दावर आपल्याकडं गाड्या यायच्या. त्यांनी नवी काळी गाडी घेतली आणि एका सीझनमध्ये तिचं पार जाळं करून आणलं. गाडी लावली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'मिस्त्री, हिला दाजींचा हात लागू द्या. तुमी बसा निवांत.'

बसा निवांत. माझ्याच दुकानात.

दुपारपर्यंत तुम्ही चारी दारं करून ठेवली होती. मी उन्हातून जाऊन बघितली. विहिरीच्या पाण्यासारखी काळीभोर. एक रेघ नव्हती. बॉनेट राहिलं होतं, त्याच्या कडांना टेप लावून तुम्ही जेवायला घरी गेलात. दुकानात मी एकटा.

मला ते काम यायला हवं होतं, आणि 'दाजी, मला शिकवा' एवढं म्हणायचं नव्हतं. दुसरं कुठलंही कारण नाही. बारा वर्षं मी स्वतःला दुसरी कारणं सांगत आलो, ती सगळी खोटी.

मी मशीन उचललं. डाव्या कडेची टेप ओरबाडून काढली, कारण पट्टीखाली जाळं तसंच राहील असं मला वाटलं. बटण दाबलं. बगलेत धरलेलं कोंबडं फडफडावं तसं ते मशीन ओढ घ्यायला लागलं. मी दाबलं. नजर पॅडवर, काळा रंग कधी येतोय म्हणून. येईना. आणखी दाबलं. डावीकडं बॉनेट जिथं खाली वळतं तिथं पॅड तिरकं झालं, आणि झर्रकन काळं झालं. खरं सांगतो दाजी, मला आनंद झाला. वाटलं, आला रंग. जमलं मला. मशीन बंद करून फडक्यानं पुसलं, तर कडेवर बोटभर लांब राखाडी पट्टा. काळा गेला होता, आतला प्रायमर उघडा पडला होता.

मी मशीन होतं तिथं ठेवलं. हात धुतले. नळाखाली हात धरून बराच वेळ उभा राहिलो, त्याला काही अर्थ नव्हता तरी. तुम्ही आलात, आणि नशीब असं, की तुमच्या पाठोपाठच नानासाहेबांची जीप आली.

'हे कुणी केलं?' नानासाहेबांनी त्या कडेवर बोट फिरवलं.

तुम्ही पॅडकडं बघितलंत. जमिनीवर पडलेल्या टेपकडं बघितलंत. मग माझ्या हातांकडं. ते ओले होते.

'मशीन माझं हाय, नाना,' तुम्ही म्हणालात. 'बॉनेट नवं रंगवून देतो. जबाबदारी माझी.'

'मशीनच्या नादाला लागून गाडी जाळली व्हय?' नानासाहेब माझ्याकडं वळले. 'मिस्त्री, तुमच्याच हातात दिली असती तर बरं झालं असतं.'

आणि मी म्हणालो, 'मी कवाचा सांगतोय त्येंना.'

गप्प राहिलो असतो तर निदान भित्रा म्हणवलो असतो. मी बोललो. तुम्ही मात्र 'मी केलं' असं म्हणाला नाहीत. मी नंतर कितीदा तरी तुमचं ते बोलणं मनात उलटंसुलटं करून बघितलं, तुम्हीही थोडं खोटं बोललात असं सापडावं म्हणून. सापडलं नाही. मशीन तुमचंच होतं. तेवढंच बोललात.

संध्याकाळी तुम्ही पॅड धूत बसला होतात. पाणी काळं निघत होतं. मान वर न करता म्हणालात, 'पॅड सपाट धरायचं असतंय, मिस्त्री. कडंवर न्हाय. आन दाबायचं न्हाय. मेंढरू कातरताना कातर दाबली तर चामडं निघतंय. तिचं तिला जाऊ द्यायचं.'

बस. एवढंच. शिव्या नाहीत, जाब नाही. ज्या गोष्टीसाठी मी चोरासारखा मशीनला हात लावला, ती गोष्ट तुम्ही मला तिथंच शिकवून टाकलीत. तुम्हाला कळलंय हेही त्यातच कळवलंत. दाजी, त्या दिवशी तुम्ही माझ्या कानाखाली मारली असतीत तर मी तुमच्या पाया पडलो असतो. तुम्ही शिकवलंत, म्हणून मी तुमचं तोंड बघायचं सोडलं.

महिन्याभरात तुम्ही डाळजला हायवेच्या कडेला आपलं शेड टाकलंत. बारामतीची काळी गाडी तुमच्याकडं यायची बंद झाली, ती कायमची. मशीननं गाडी जाळणारा माणूस, असं नाव पडलं. ते पडलं नाही, मी पाडलं. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, कुणी विषय काढला की माझं ठरलेलं वाक्य होतं, 'आमच्या दाजींनी गाडीचा हुरडा भाजला!' लोक पोट धरून हसायचे. एकदा एका मांडवात हे बोललो आणि मागं वळलो तर तुम्ही पंक्तीत बसलेले. तुम्हीही हसलात, आणि वाढप्याला म्हणालात, 'मिस्त्रींना भजी वाढ रे, ते बोलून दमल्यात.' पंक्ती आणखी हसली. मी ती भजी खाल्ली.

यंदा तुम्ही गेलात. दुकानात, बसल्या जागी. मला फोन आला तेव्हा मी पहिलं काय म्हणालो ठाऊक आहे? 'असं कसं गेले?' म्हणालो. मला जाब न विचारता कसे गेले, असं मला म्हणायचं होतं.

दहाव्याला घाटावर पाच-सातशे माणूस होतं. आपल्याकडची रीत, प्रवचन झालं की एकेकाला माइकवर बोलावतात, त्यानं गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायचे. मी घरून ठरवून आलो होतो. आज सांगायचं. माइक हातात आला. समोर नानासाहेब बसलेले, सगळे पाव्हणे, बारामतीची गिऱ्हाइकं. आणि माझ्या तोंडून आलं, 'आमचे दाजी देवमाणूस. जन्मात एक गाडी तेवढी भाजली, पण कुणाचं काळीज भाजलं न्हाय.'

माणसं माना हलवायला लागली. कुणीतरी 'वा, मिस्त्री' म्हणालं. आणि मला, तुमच्या पिंडापासून दहा हातांवर उभं राहून, त्या वाक्याचं बरं वाटलं. हे मी इथं लिहून ठेवतो.

तेराव्याला माहेरचा दुखवटा घेऊन शालनकडं गेलो. पातळ, खण, नारळ. तिनं पाटावर ठेवू दिलं नाही.

'ते उचलून ने, दादा.'

'अगं, माहेरचं हाय. नगं म्हणू नये.'

'गाडी कुणी भाजली?'

घरात बाया बसल्या होत्या.

'त्येंनी सांगितलं तुला?'

'त्याच दिवशी. आन शपथ घातली मला. म्हणाले, तुझं माहेर म्हंजी एक भाऊ हाय, त्यो मला तोडायचा न्हाय. बारा भाऊबिजा ओवाळलं मी तुला. दरसाली वाटायचं, औंदा ताटात बघून तरी बोलंल. तू पाकीट टाकायचास आन म्हणायचास, दाजींची तब्येत बरी हाय ना? आता शपथ घालणारा गेला.'

'मग आता सांगतो की. मीच...'

'मला नगं सांगू. मला ठाऊक हाय. जितं माइकवर बोललास, तितं निस्तर.'

म्हणजे माझ्यासाठी नव्हतंच ते. मी बारा वर्षं मनात म्हणत होतो, ह्या माणसानं माझी कीव केली, माझ्या म्हातारपणाला भीक घातली. आणि तुम्ही फक्त शालनचं माहेर वाचवत होतात. मी त्यात कुठं नव्हतोच. हेही मला झोंबलं, दाजी. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

पण निस्तरायचं कुठं? तेवढी माणसं पुन्हा गोळा होणार कशी? आपल्याकडं ती एकाच जागी गोळा होतात. महिनाभरानं शेळगावचे आमचे लांबचे पाव्हणे, अप्पा, वारले. त्यांच्या दहाव्याला मी सकाळीच जाऊन पुढं बसलो. तीच माणसं, तोच माइक, नानासाहेब त्याच जागी. माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, 'अप्पा चांगले होते. पण मला दुसरंच बोलायचंय. आमच्या दाजींनी ती गाडी भाजली न्हाय. ती मी भाजली.'

अप्पांची मुलं माझ्याकडं बघायला लागली. मागं कुजबुज सुरू झाली. माइकवाल्यानं माझ्या हाताला धरलं. 'मिस्त्री, आज कार्य अप्पांचं हाय. उन्हं चढल्यात, आवरा.'

'आवरतो. पण ऐका, मशीन मी चालवलं...'

माइक बंद झाला.

मला त्याचं काही वाटलं नाही. मी बोललो होतो. खाली उतरलो तर चार माणसं पुढं आली आणि माझ्या पाया पडायला लागली.

'मिस्त्री, मन लई मोठं तुमचं.'

'मेलेल्या माणसाचा दोष कोण अंगावर घेतंय हो आजकाल?'

'अवो, खरंच मी केलंय ते!'

'व्हय व्हय,' म्हणाले, आणि एकमेकांकडं बघून डोळे पुसले. नानासाहेबांनी मला जीपमध्ये बसवून घरी सोडलं. उतरताना म्हणाले, 'मला का ठाऊक न्हाय मशीन कुणाचं होतं? तुमच्या हातनं असलं व्हायचंच न्हाय. पण बहिणीसाठी केलंत, शोभलं तुमाला.'

बघा दाजी. ज्या नावासाठी खोटं बोललो, ते नाव इतकं जाड झालंय की खरं त्यातून आत जात नाही. मी कबूल केलं आणि आणखी मोठा झालो. तुम्ही होतात तिथंच, गाडी जाळणारे. आयुष्यात पहिल्यांदा माझी स्तुती मला ऐकवेना.

म्हणून मग मी जुन्या गाड्यांच्या बाजारातून एक काळं बॉनेट आणलं. अपघातातल्या गाडीचं, पण वरून चकचकीत. टेम्पोत घालून डाळजला तुमच्या शेडवर नेलं. नानासाहेबांना बोलावलं, टपरीवाल्याला बोलावलं, बारामतीचे दोन पेंटर बोलावले. त्या दहाव्याच्या माइकवाल्यालाही बोलावलं. शालनकडं तुमचं मशीन मागितलं.

'काय करणार हायस?'

'बघ तू.'

तिनं मशीन आणून दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

दोन डबड्यांवर बॉनेट ठेवलं. भर उन्हात. आधी सगळ्यांना त्यावरचं जाळं दाखवलं, माझ्या डोळ्यांना आता ऑपरेशननंतर ते दिसतं. मग तुमचंच लोकरीचं पॅड लावलं. पेंटर म्हणाला, 'मिस्त्री, टेप ऱ्हायली कडंला.' मी म्हणालो, 'तवाबी न्हवती. मी काढली हुती.' बटण दाबलं. पुन्हा तेच, मशीन हातातून ओढ घ्यायला लागलं, आणि मी दाबलं. डाव्या कडेला आलो, मनगट तिरकं केलं आणि धरून ठेवलं. करपट वास आला. पॅड काळं झालं. मशीन उचलून मी बाजूला झालो.

बोटभर लांब राखाडी पट्टा. त्याच जागी, तेवढाच.

नानासाहेब वाकले. त्या कडेवर त्यांनी बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा.

'चांगलं बॉनेट जाळलंत की, मिस्त्री,' टपरीवाला म्हणाला.

'व्हय. दुसऱ्यांदा,' मी म्हणालो. 'पयलं नानांचं.'

ह्या खेपेला कुणी पाया पडायला आलं नाही. कुणी मन मोठं म्हणालं नाही. माइकवाला चपलेनं माती उकरायला लागला. नानासाहेब सरळ झाले, माझ्याकडं न बघता शालनकडं बघून म्हणाले, 'वैनी, मी त्या मानसाला चारचौघांत...' माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही. मला जे हवं होतं ते हेच होतं, दाजी.

मशीन माझ्या हातात तसंच घरघरत होतं. ते बंद करायचं मला सुचत नव्हतं. शालन भिंतीपासून निघाली, माझ्या अंगावरून पुढं गेली आणि तिनं शेडमधल्या बोर्डावरचं बटण बंद केलं.